रोमचे शिसे, बाथचा झरा आणि हॉट टबमधले हिरवे पाणी

आजचा धागा लांब आहे, आणि त्याची सुरुवात इतिहासात नाही, एका हॉट टबमध्ये आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने टब भरला, पाणी तापवले, जंतू मरावेत म्हणून क्लोरीन टाकले. काही मिनिटांत तेच नितळ पाणी चहासारखे तांबूस होते, कधी पाचूसारखे हिरवे दिसू लागते. मालकाला वाटते शेवाळे धरले. तो आणखी क्लोरीन ओततो आणि रंग अधिकच गडद होतो.

शेवाळ्याचा येथे काही संबंध नसतो. रंग धातूंचा असतो. विहिरीच्या पाण्यात लोह विरघळलेले असते, पण ते दिसत नाही. क्लोरीनने त्याचे ऑक्सिडीकरण केले की त्याचा गंज होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. हिरवट निळा रंग तांब्याचा. पाणी आम्लधर्मी झाले की ते हीटरच्या आणि नळांच्या तांब्याला खाऊ लागते. पोहणाऱ्यांचे सोनेरी केस हिरवे होतात, त्याचा दोष लोक क्लोरीनला देतात. तोही रंग तांब्याचाच.

गरम पाणी, स्नान आणि धातू यांचे हे भांडण दोन हजार वर्षांचे आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. जो धातू रंग दाखवतो त्याच्याशी माणूस लढतो, आणि जो रंग दाखवत नाही त्याला घरात घेतो.

न दिसणाऱ्या धातूचे नाव शिसे. 'शिशाच्या नळांचे पाणी पिऊन रोमन वेडे झाले आणि साम्राज्य बुडाले' हे वाक्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकले आहे. ते कितपत खरे आहे ते या धाग्यात तपासू.

लॅटिनमध्ये शिशाला 'प्लुंबुम' म्हणत. आपण ज्याला फोन करून बोलावतो तो प्लंबर याच शब्दाचा वंशज. रोमन प्लंबर शिशाचा रस ओतून पत्रा पाडत, तो एका दांड्याभोवती वळवत आणि वरची शिवण जोडत. त्यामुळे नळाचा छेद गोल नसून नासपतीसारखा, वर निमुळता असे. एक नळ किमान दहा रोमन फूट लांब असावा, असा दंडक होता. अनेक नळांवर सम्राटाचे, घरमालकाचे किंवा कारागिराचे नाव उठवलेले असे. रोममधील कोणते घर कोणाचे होते हे पुरातत्त्वज्ञांना कित्येकदा या नळांनीच सांगितले आहे. पाणीचोरीच्या चौकशीलाही ही नावे उपयोगी पडत असणार, असे मला वाटते.

शिसे घातक आहे हे रोमनांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ऑगस्टसच्या काळातील वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात स्वच्छ लिहिले आहे की शिशाच्या नळांपेक्षा मातीच्या नळांतले पाणी आरोग्याला चांगले, कारण शिशापासून सफेदा तयार होतो आणि तो शरीराला अपायकारक आहे. पुरावा म्हणून तो शिसे ओतणाऱ्या कारागिरांच्या निस्तेज, पांढुरक्या चेहऱ्यांकडे बोट दाखवतो. म्हणजे धोका माहीत होता, लिहून ठेवलेला होता, आणि तरीही शहर शिशावरच चालत राहिले. शिसे मऊ होते, स्वस्त होते, हवे तसे वळत होते, आणि चांदीच्या खाणींतून ते जवळजवळ उपउत्पादन म्हणून ढिगाने मिळत होते.

आता स्नानगृहाकडे वळू, कारण खरी कसोटी गरम पाण्याची आहे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी बोस्कोरेआले येथे एका मळ्यातील घर इ. स. ७९ च्या उद्रेकात गाडले गेले. उत्खननात तेथील स्नानगृहाचे पाणी तापवण्याचे भांडे नळांसकट सापडले. उंच नळकांड्यासारखे, भिंती शिशाच्या आणि बूड कांशाचे. रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. खाली थेट ज्वाळा लागल्या तर ते टिकणार नाही, म्हणून बुडाला कांसे. वरच्या भागात पाणी आहे तोवर शिशाला भय नाही. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळचा तांब्याचा बंब आहे त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. फक्त आपल्याकडे धातू एकच होता आणि निखारा मधल्या नळीत असे.

म्हणजे श्रीमंत रोमनाचे स्नानाचे पाणी शिशाच्या नळातून येई, शिशाच्या भांड्यात तापे आणि पुन्हा शिशाच्याच नळातून हौदात पडे. गरम पाण्यात धातू लवकर विरघळतो, हेही खरे. मग सारे शहर विषबाधेने का मेले नाही?

उत्तराचा एक मोठा भाग चुन्यात आहे. रोमचे बरेचसे पाणी चुनखडीच्या डोंगरांतून येई. आपण ज्याला जड पाणी म्हणतो तसे. असे पाणी वाहता वाहता आपल्यातील चुना भिंतींवर सोडते आणि हळूहळू पुटावर पूट चढते. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेला फ्रॉन्टिनस आपल्या अहवालात तक्रार करतो की हा गाळ घट्ट होऊन त्याचे कवच बनते आणि कालव्याची वाट अरुंद होते. फ्रान्समधील नीम शहराला पाणी नेणाऱ्या, पाँ द्यु गार या प्रसिद्ध पुलावरून जाणाऱ्या कालव्यात तर काही ठिकाणी हे कवच सुमारे अर्धा मीटर जाड झाले. फ्रॉन्टिनसला ते उपद्रवी वाटे, खरवडून काढावे लागे. पण शिशाच्या नळात हेच कवच पाणी आणि धातू यांच्यामधली भिंत ठरत होते. रोमनांचा सर्वांत मोठा संरक्षक त्यांनी शत्रूत जमा केला होता.

दुसरा भाग प्रवाहाचा. रोमन नळांना बहुधा तोट्या बंद करण्याची सवय नव्हती. पाणी अहोरात्र वाहत राही. रात्रभर नळात साचून धातू ओढून घेण्याची उसंत त्याला मिळत नसे. हे दोन्ही मुद्दे ट्रेव्हर हॉज या अभ्यासकाने १९८१ मध्ये एकत्र मांडले, आणि मला ते आजही पटतात.

तरीही अंदाज वेगळा आणि मोजमाप वेगळे. रोमचे बंदर पोर्टुस. शहरातून गेलेले सर्व सांडपाणी टायबर नदीतून तिकडे जाई आणि गाळाचे थर एकावर एक बसत. फ्रेंच संशोधकांच्या एका गटाने हा गाळ खोल छिद्र घेऊन बाहेर काढला आणि त्यातील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासले. प्रत्येक खाणीच्या शिशाची या बाबतीत स्वतःची ओळख असते, त्यामुळे निसर्गतः आलेले शिसे आणि नळातून आलेले शिसे वेगळे काढता येते. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोमच्या नळाच्या पाण्यात तेथील झऱ्यांच्या पाण्यापेक्षा सुमारे १०० पट शिसे होते. समाजमाध्यमांवर एवढेच वाक्य फिरले. त्याच लेखातले पुढचे विधान फारसे कोणी पुढे पाठवले नाही. एवढे शिसेही खरोखर अपायकारक ठरले असण्याची शक्यता कमी, असे त्या संशोधकांनीच म्हटले आहे.

मग 'शिशाने रोम बुडाले' हे आले कोठून? १९६५ मध्ये गिलफिलन या अभ्यासकाने मांडले की शिशामुळे रोमन उमरावांची प्रजननशक्ती खालावली. १९८३ मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ जेरोम न्रियागु यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की अनेक सम्राट शिशाच्या संधिवाताने पछाडलेले असावेत. पुढच्याच वर्षी जॉन स्कारबरो यांनी मूळ लॅटिन ग्रंथ पुढे ठेवून या मांडणीतील कच्चे दुवे दाखवले. माझे मत स्कारबरो यांच्या बाजूचे आहे. एक साधा प्रश्न विचारून पाहा: शिसे पूर्वेकडील प्रांतांतही होतेच, मग साम्राज्याचा पूर्व भाग कॉन्स्टँटिनोपलमधून १४५३ पर्यंत कसा टिकला?

पण न्रियागुंच्या मांडणीतला एक धागा खरा मोलाचा आहे, आणि तो नळांचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. रोमन लोक द्राक्षांचा रस आटवून गोड पाक करत आणि तो मद्यात, पदार्थांत घालत. हा रस कशात आटवावा? कोलुमेला हा शेतीवरचा लेखक सांगतो, कांशाच्या भांड्यात नको, त्याला हिरवा कळंक चढतो आणि चव बिघडते. शिशाचे भांडे घ्या. थोरला प्लिनीही तेच म्हणतो. आपल्याकडे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे जसे आजीला जिभेने कळत असे, तसेच रोमनांना तांबे जिभेने कळले होते. ते त्यांनी बाहेर काढले आणि त्याच्या जागी शिसे आणले. आंबट रसात शिसे विरघळून जो क्षार बनतो तो चवीला गोड. तक्रार करायला काही उरलेच नाही. हा पाक आधुनिक काळात जुन्या कृतींप्रमाणे करून पाहिला गेला तेव्हा त्यात लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम शिसे आढळले. आज जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नळाने जे केले नाही ते पाकाने केले असणे शक्य आहे.

आता इंग्लंडला जाऊ, कारण गरम पाणी आणि शिसे यांची सर्वांत सुंदर वास्तू तेथे आहे. इ. स. ४३ मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या. इ. स. ४९ चा शिक्का असलेली शिशाची लगड मेंडिप टेकड्यांत सापडली आहे, म्हणजे सहा वर्षांत खाण सुरू! त्याच टेकड्यांजवळ एक झरा होता, ४६ अंश सेल्सियसचा, दिवसाला सुमारे ११,७०,००० लिटर पाणी देणारा. स्थानिक लोक तेथे सुलिस देवीला पूजत. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी एकरूप केले, मंदिर बांधले आणि भोवती स्नानगृहे उभारली. गावाचे नाव अक्वाय सुलिस, आजचे बाथ.

तेथील मोठ्या हौदाचा तळ जाड शिशाच्या ४५ पत्र्यांनी मढवलेला आहे. १८८० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा ते पत्रे जागच्या जागी होते आणि आजही ते पाणी धरून आहेत. झऱ्याचे पाणी जेथून वाहते तेथील दगडांवर मात्र नारिंगी पट्टे उमटले आहेत. ते लोहाचे डाग: हॉट टबच्या मालकाला छळणारा तोच गंज, येथे निसर्गाने शतकानुशतके चढवलेला. पर्यटक त्या नारिंगी दगडांचे फोटो काढतात. तळातील शिसे कोणाच्या नजरेत येत नाही.

झऱ्यात आणखी शिसे होते. लोक शिशाच्या किंवा जस्तासारख्या दिसणाऱ्या कथील-शिशाच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्यावर शाप कोरून, गुंडाळी करून देवीच्या पाण्यात टाकत. असे सुमारे १३० पत्रे मिळाले आहेत. बहुतेक तक्रारी चोरीच्या: आंघोळीला गेलो आणि कोणी झगा पळवला, चोराला देवीने झोप लागू देऊ नये, वगैरे. सार्वजनिक स्नानगृहातून कपडे चोरीला जाण्याची परंपरा किती प्राचीन आहे ते पाहा.

पण बाथची खरी नवलकथा अठराव्या शतकातली आहे. १७४२ मध्ये तेथे खनिजजलाने उपचार करणारे रुग्णालय सुरू झाले. डेव्हन परगण्यातून तेथे असे रोगी येत ज्यांना भयंकर पोटशूळ होई आणि नंतर हाताचे पंजे लुळे पडत. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या वैद्याने कारण शोधले: डेव्हनमध्ये सफरचंदांचा रस काढणाऱ्या चरकांत शिसे वापरलेले असे, आणि आंबट रस ते ओढून घेई. इतर काही परगण्यांत चरकात शिसे नव्हते, तेथे हा रोगही नव्हता. तोच जुना रोमन पाक, नव्या पेल्यात. डेव्हनचे सफरचंदवाले बेकरवर संतापले, हे ओघानेच आले.

तर शिशाने लुळे पडलेली माणसे गरम झऱ्यात गळ्यापर्यंत तासन् तास बसत, आणि त्यांतले अनेक जण खरोखर बरे होऊन जात. दोनशे वर्षे याकडे श्रद्धेचा परिणाम म्हणून पाहिले गेले. मग १९८६ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी शिशाच्या संपर्कात काम करणाऱ्या माणसांना कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बसवून लघवी तपासली. शिसे बाहेर पडण्याचे प्रमाण वाढलेले होते. पाण्याचा दाब पायांतले रक्त छातीकडे ढकलतो, शरीराला वाटते द्रव जास्त झाला, मूत्रपिंडे जोराने काम करू लागतात आणि त्यांच्यासोबत शिसेही जाते. यात खनिजांचा वाटा नाही. साधे पाणीही हेच करते. बाथच्या वैद्यांचे कारण चुकले होते, उपाय नाही.

येथवर धातू आवरण्याचा एकच मार्ग आपण पाहिला, तोही अपघाताने सापडलेला: कवच. दुसरा मार्ग नांगीचा आहे. काही रेणू धातूच्या अणूला खेकड्यासारखे दोन्ही बाजूंनी पकडतात आणि पाण्यातच धरून ठेवतात. ना गंज होऊ देत, ना थर. ग्रीक भाषेतील खेकड्याच्या नांगीवरून रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना 'चीलेट' नाव दिले. शब्द विसाव्या शतकातला, पण कृती आपल्याकडे चुलीजवळचीच. तांब्याचे घंगाळ चिंचेने घासले की काळे डाग निघतात, कारण चिंचेतील टार्टारिक आम्ल डाग विरघळवते आणि सुटलेल्या तांब्याला पकडून पाण्यासोबत नेते.

१९३५ मध्ये जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ या रसायनशास्त्रज्ञाने कापडाच्या रंगाईसाठी असाच एक रेणू बनवला. जड पाण्यातील चुना रंग बिघडवत होता आणि त्यावर वापरले जाणारे सायट्रिक आम्ल परदेशातून आणावे लागे. त्याने दिलेला पर्याय म्हणजे ईडीटीए. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी तोच रेणू शिशाची बाधा झालेल्यांच्या शिरेतून देण्यास आरंभ केला. त्याच दशकांत अमेरिकेत पिट्सबर्ग येथे फॉस्फेटची एक लांब साखळी जड पाणी आवरण्यासाठी बाजारात आली होती. तिचे नाव कॅल्गॉन, म्हणजे इंग्रजीत 'कॅल्शियम गेले'.

आणि येथेच फासा उलटा पडू शकतो. नांगी निवड करत नाही. जो रेणू नळातील चुन्याचे पूट काढतो तो पुटामागे दडलेले शिसेही बाहेर ओढू शकतो. म्हणून पाणीपुरवठ्यात आज लांब साखळीऐवजी सुटे, साधे ऑर्थोफॉस्फेट वापरतात. ते शिशाशी मिळून नळाच्या आत न विरघळणारा पापुद्रा धरते. फ्रॉन्टिनस ज्याला खरवडून काढत होता ते कवच आपण आता पैसे खर्चून चढवतो.

ते न चढवल्यास काय होते हे अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने पाहिले. २५ एप्रिल २०१४ रोजी, खर्च वाचवण्यासाठी, सुमारे एक लाख वस्तीच्या या शहराला स्थानिक नदीचे पाणी देण्यास सुरुवात झाली. नदीचे पाणी अधिक क्षरणकारी होते आणि गंजरोधक फॉस्फेट त्यात मिसळले गेले नाही. दशकानुदशके जमलेली पुटे सुटू लागली. लोक बाटल्यांत तपकिरी पाणी भरून सभांना गेले, अंगावर पुरळ आल्याचे सांगत राहिले. अधिकारी म्हणाले, पाणी सुरक्षित आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे थांबवले, कारण यंत्राचे भाग गंजत होते. माणसांना तेच पाणी आणखी वर्षभर मिळत राहिले. बाटल्यांतला तपकिरी रंग लोहाचा होता. शिसे त्याच पाण्यात होते, रंगाशिवाय. ते मार्क एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेत नमुने गेल्यावर आणि बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल तपासल्यावर दिसले. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना पुरवठा परत आला. मुलांच्या शरीरात गेलेले शिसे तसे परत घेता आले नाही.

या सगळ्याच्या तुलनेत हॉट टबचा प्रश्न किरकोळ आहे, पण रसायन तेच. १९६८ मध्ये रॉय जकूझी यांनी पंप बसवलेला पहिला टब विकायला काढला तेव्हा त्याला नाव दिले 'रोमन बाथ'. आज त्या टबांसाठी 'धातू बांधणारे' द्रावण मिळते. त्यात बहुधा फॉस्फोनेट जातीचे नांगीवाले रेणू असतात. ते धातू काढत नाहीत, फक्त धरून ठेवतात. क्लोरीन त्यांना हळूहळू तोडते, पकड सुटते आणि डाग पुन्हा येतात; म्हणून मात्रा वरचेवर द्यावी लागते. पाणी टबात भरतानाच गाळणीतून घेणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग, कारण आत न आलेल्या लोहाला धरून ठेवावे लागत नाही. सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.८ मध्ये राखला तर हीटरचे तांबे सुटत नाही. आणि काही महिन्यांनी सगळे पाणी उपसून नवे भरणे, हे रोमन हौदाच्या सेवकालाही समजले असते.

ज्यांच्या घरी जुना बंब किंवा घंगाळ आहे त्यांनी आतला थर एकदा पाहावा. पांढुरका असेल तर चुना, तांबूस असेल तर लोह, हिरवट असेल तर तांबे. फोटो खाली टाका, गावाचे आणि विहिरीचे नाव लिहा. आणि वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे किंवा राजापूर येथील गरम पाण्याच्या कुंडांतील दगडांवर कोणता रंग चढला आहे हे कोणी निरखले असेल, तर तेही कळवा.